फोन हिसकावण्याआधी

पालकहो, मुलीला अश्लील फोटो पसरवण्याची धमकी आली तर काय करायचं, यात आज कायद्याच्या कलमांपेक्षा धमकीच्या पहिल्या रात्रीबद्दल जास्त बोलायचं आहे. पुढचं बरंचसं त्या रात्रीच बिघडतं.

नववीतली मुलगी समजा. तिच्या इन्स्टाच्या डीपीतला चेहरा कुणी एआय ॲपने नग्न शरीरावर चिकटवला. रात्री अकराला मेसेज आला, ‘व्हिडिओ कॉल कर, नाहीतर क्लासच्या ग्रुपवर टाकतो.’ घरात कळल्यावर बाबा फोन हिसकावतात, आई चॅट उडवते, दादा त्या अकाउंटला शिव्या घालतो. सकाळपर्यंत पुरावा गेलेला, समोरचा सावध झालेला आणि मुलीला धडा मिळालेला की सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच. मार बसेल ही भीती तिला असतेच, पण फोन जाईल ही त्याहून मोठी. तिच्या मैत्रिणी, क्लासच्या नोट्स, सगळं त्यातच असतं.

म्हणून फोन तिच्याच हातात राहू द्या आणि शेजारी बसा. आधी धमकीच्या मेसेजचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. मग त्या प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम कॉपी करा. वर दिसणारं नाव कुणीही मिनिटात बदलतो, नुसत्या नावाच्या स्क्रीनशॉटवरून पोलिसांना फार काही हाती लागत नाही. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढा. हे झाल्यावर अकाउंट रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक करा. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. आधीच दिले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. तो नंबर आर्थिक फसवणुकीसाठी आहे.

एक चूक भलेभले करतात. ‘बघ रे, काय करायचं’ म्हणून तो फोटो मामाला, सरांना, ओळखीच्या हवालदाराला फॉरवर्ड करतात. अल्पवयीन मुलीचं अश्लील चित्र पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. मदत मागताना शब्दांत सांगा, फोटो पाठवू नका.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसाठीच्या विभागात करता येते, तिथे नाव न देण्याचीही सोय आहे. पण आरोपीपर्यंत पोहोचायचं तर एफआयआर लागतो. ‘आमची हद्द नाही’ असं ऐकवलं गेलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या २४ व्या कलमानुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. हे माहीत असलं की निम्मी धास्ती तिथेच जाते. आणि ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून कुणी मिटवायला सांगितलं तर त्यांना आठवण करून द्या, माहीत असून न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे.

फोटो खरा असो की एआयने बनवलेला, तो इंटरनेटवरून हटवायला ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. फोटो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून तयार झालेला कोड, सहभागी कंपन्यांकडे जातो. मर्यादाही सांगतो: फोटो कापला-बदलला की ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये ही सेवा पोहोचत नाही.

आता तिच्या मनाचं. त्या रात्री तिला एकटी झोपवू नका. ‘फोटो टाकलाच कशाला?’ हा प्रश्न निदान आठवडाभर गिळा. नोटिफिकेशन वाजलं की दचकणं, शाळेच्या सकाळी पोटात दुखणं, जेवण सुटणं हे दोन आठवडे टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. ‘मरावंसं वाटतंय का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. उत्तर काहीही येवो, घरातली फवारणीची औषधं, उंदराचं विष, झोपेच्या गोळ्या त्याच रात्री कुलपात टाका.

शाळेत परत पाठवण्याआधी एक वाक्य तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या, कारण मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारणारच: ‘तो फोटो खोटा आहे, आम्ही पोलिसांत दिलंय.’ फोटो खरा असेल तर वाक्याचा फक्त दुसरा भाग.