‘कामाचा हक्क’ नावाचा अमेरिकन कायदा

आपल्याकडे ‘कामाचा हक्क’ म्हटलं की रोजगार हमी आठवते. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे, खडी फोडणाऱ्या बायका. मागेल त्याला सरकारने काम दिलं पाहिजे, असा तो हक्क, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. मी आज ज्या अमेरिकन कायद्याबद्दल बोलणार आहे, त्याचं नावही ‘राइट टू वर्क’च आहे. पण त्यात कोणाला काम देण्याबद्दल एक अक्षर नाही.

तिथे एखाद्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिलं, की ती युनियन सगळ्यांच्या वतीने बोलणी करते. सभासद असो वा नसो, करार सगळ्यांना लागू. वर्गणीचा एक डॉलरही न भरलेल्या कामगाराची तक्रार आली, तरी त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडणं युनियनला कायद्याने भाग आहे. आपल्या राज्यातल्या १९७१ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त युनियन चालवलेल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. मग या सगळ्याचा खर्च कोणी उचलायचा? युनियन मालकाकडून करारात एक कलम घालून घ्यायची: ज्याला कराराचा लाभ, त्याने निदान बोलणीचा खर्च भरावा. ‘राइट टू वर्क’ कायदा या कलमावर बंदी घालतो. जबाबदारी सगळ्यांची, वर्गणी मात्र मर्जीची.

फ्लोरिडा आणि आर्कान्सा या राज्यांनी १९४४ मध्ये सुरुवात केली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली या केंद्रीय कायद्याने सगळ्याच राज्यांना अशी मुभा दिली; राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तो नाकारला होता, पण तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्यांचा नकार डावलला. दक्षिणेत या कायद्यांचा प्रचार करणाऱ्यांत टेक्ससचा व्हान्स म्यूझ पुढे होता. युनियन आली तर गोऱ्यांना काळ्यांबरोबर एकाच संघटनेत बसावं लागेल, अशी भीती तो उघडपणे घालत असे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्ये या फसव्या घोषणेपासून सावध राहायला सांगितलं, त्यामागे हा इतिहास होता.

आता मजुरीचं काय झालं? इथे घाई करून चालणार नाही. हा कायदा असलेल्या मिसिसिपीतला पगार तो नसलेल्या न्यूयॉर्कपेक्षा कमी आहे, पण तिथलं घरभाडंही कमी आहे, उद्योग वेगळे आहेत. नुसती दोन राज्यं शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. हे फरक वजा करून इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने काढलेला आकडा आहे सुमारे तीन टक्के कमी मजुरीचा. ती संस्था कामगारांच्या बाजूची आहे, हेही सांगायला हवं. २०११ नंतर पाच राज्यांनी हा कायदा केला; त्यांचा आधी-नंतरचा हिशोब मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञांना सुमारे एक टक्का घट दिसली. मला हा छोटा आकडा जास्त पटतो. पण वर्षाच्या पगारातला एक टक्का म्हणजे अडीच दिवसांची कमाई, आणि ती दरवर्षी जाते. युनियन नसलेल्या कारखान्यातही मालक पगार बरा ठेवतो, कारण नाहीतर आपल्याकडेही युनियन उभी राहील, ही धास्ती त्याला असते. युनियनची तिजोरी आटली की ती धास्तीही ओसरते.

आणि रोजगार? कायद्याच्या समर्थकांचा सगळा भर इथे आहे. अर्थतज्ज्ञ थॉमस होम्स यांनी १९९८ मध्ये राज्यांच्या सीमेवरचे जिल्हे तपासले. सीमा ओलांडून ‘राइट टू वर्क’ राज्यात गेलं, की कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा सरासरी एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. आकडा मोठा आहे. मात्र होम्स स्वतःच म्हणतात की ही करामत या एका कायद्याची मानू नका. अशी राज्यं करसवलतींपासून इतर अनेक बाबतींत उद्योगांना झुकतं माप देतात. बोइंगने २००९ मध्ये ड्रीमलायनर विमानांच्या जोडणीचा दुसरा कारखाना ‘राइट टू वर्क’ असलेल्या साउथ कॅरोलायनात नेला. आदल्या वर्षी वॉशिंग्टन राज्यात संप झाला होता, आणि साउथ कॅरोलायनाने सवलतींची खैरात केली होती. यातलं कायद्याचं श्रेय किती? शिवाय एका राज्यातून दुसऱ्यात गेलेली नोकरी देशाच्या हिशोबात नवी नसते. ओक्लाहोमाने २००१ मध्ये कायदा केला. त्या राज्याचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा युनियनचे सभासद घटलेले आढळले. एकूण रोजगार वाढला नाही. सरासरी मजुरीही तिथे हलली नाही, हे मी लपवणार नाही.

आज २६ राज्यांत हा कायदा आहे. मिसुरीच्या मतदारांनी २०१८ मध्ये तो दोन तृतीयांश मतांनी फेटाळला, मिशिगनने २०२३ मध्ये रद्द केला. उलट टेनेसीने २०२२ मध्ये तो थेट राज्यघटनेत घातला. त्याच टेनेसीत, चट्टनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात, २०१४ चं मतदान हरलेली युनियन २०२४ मध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश मतं घेऊन जिंकली. पण तिथे करार करायचा तो सगळ्यांसाठी, आणि वर्गणी मागायची ती एकेका कामगाराला भेटून, समजावून.