तोळाभर शिसं, चाळीस पावलं

या, पुढे या. मागच्या खुर्च्यांवर पंखा येत नाही, आणि मी माईकवाल्या मुलाला सांगून ठेवलंय की आवाज वाढवायचा नाही. देवळालीच्या तोफांचे धमाके ऐकत वाढलोय मी, माझा आवाज पोचतो.

पाटीवर विषय लिहिलाय, ‘मोठं हरीण, जवळचं अंतर, कोणतं काडतूस?’ तो वाचून सकाळी दोघांनी सचिवांना फोन केला की हा माणूस शिकार शिकवणार आहे का. नाही हो. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. हा प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. तो मेलबर्नला असतो, आणि तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात सांबराची शिकार कायदेशीर आहे. सांबरं आपलीच. 1860 च्या दशकात भारत-श्रीलंकेतून नेलेली, तिकडच्या डोंगरात माजलेली. भाच्यानं विचारलं, ‘मामा, झाडी दाट आहे, जनावर पन्नास मीटरच्या आत दिसतं. कोणतं काडतूस घेऊ?’ मी निवृत्त भौतिकशास्त्राचा मास्तर. फोनवर चाळीस मिनिटं बोललो. तो म्हणाला, हे कुठेतरी व्याख्यान म्हणून द्या. म्हणजे फोन ठेवा, असा त्याचा अर्थ होता हे मला नंतर कळलं.

आणि ‘हरीण’ म्हणालो त्याबद्दल माफी. आपण येवल्याजवळ ममदापूरला जातो आणि ‘हरणं बघून आलो’ म्हणतो. ती काळविटं. त्यांची शिंगं जन्मभराची. सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. दोन वेगळी घराणी आहेत, पण मराठीत सगळं एकाच गोठ्यात. असो, भरकटलो.

खरी गोष्ट 1969 ची आहे. त्या वर्षी नाशकात गोदेला महापूर आला होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं तर सोडाच, सराफ बाजारातही पाणी होतं. त्या हिवाळ्यात माझे मामा परवाना काढून सुरगाण्याकडच्या रानात गेले, आणि बारा वर्षांच्या मला बरोबर नेलं. आईला सांगितलं, ‘हवापालट.’ मामांकडे थर्टी-नॉट-सिक्स रायफल होती. थ्री-नॉट-थ्री का नाही? तर इंग्रजांनी फौजेच्या काडतुसाची रायफल सामान्य माणसाला मनाई केली होती, म्हणून आपल्याकडे ते थ्री-फिफ्टीन बोअर रुजलं. मामांना थ्री-फिफ्टीन कमी दर्जाचं वाटे. एका जहागीरदाराकडून त्यांनी ही अमेरिकन घेतली होती आणि तिच्यापुढे मामींचीही बिशाद नव्हती.

हाका सुरू झाला. हाकारे डबे बडवत खालच्या नाल्यातून वर येत होते. आम्ही एका ऐनाच्या बुंध्याला टेकून. आधी पालापाचोळा वाजला, मग काहीच नाही, आणि मग एकदम समोर सांबर. नर, मानेला आयाळ, शिंगांना वेल अडकलेला. अंतर मी नंतर पावलांनी मोजलं, चाळीस. मामांनी थेट फऱ्यात, म्हणजे पुढच्या खांद्याच्या हाडात, बार घातला. इतक्या जवळून, इतक्या दांडग्या रायफलीनं! सांबर पुढच्या गुडघ्यांवर आलं, उठलं, आणि गेलं. नुसतं गेलं.

मामांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रायफलीकडे बघत होते. आपला नेम चुकला असं कुठल्या माणसाला वाटतं?

संध्याकाळपर्यंत माग काढला. रक्त थेंब थेंब, पानांवर, मग तेही नाही. आमच्याबरोबरचे कोकणा आदिवासी आजोबा म्हणाले, ‘रात्री त्याला बसू द्या.’ रात्रभर मामा जेवले नाहीत. मीही नाही, पण माझं कारण वेगळं होतं, भाकरीबरोबरचं कालवण मला तिखट लागलं होतं. सकाळी दीड मैलावर एका ओढ्यात सांबर सापडलं. पाण्यापाशी जाऊन मेलं होतं. आजोबांनी फरा सोडवला तर हाडाचा चुरा, आणि त्याच्या मागे बोटभर खोलीवर ही गोळी. फुप्फुसापर्यंत पोचलेले फक्त दोन-तीन तुकडे.

ती गोळी मी खिशात घातली. नाशकात परतल्यावर सराफ बाजारात वडिलांच्या ओळखीच्या पेढीवर गेलो. चिखलाचा वास तिथे अजून होता. म्हटलं, वजन करा. सराफांनी बघितली, वर तांबं, आत शिसं, तोंड भजीसारखं फुललेलं. म्हणाले, ‘हे कुठल्या घराण्याचं लेणं?’ पण काट्यावर घातली. सात मासे भरली, गुंजही इकडे-तिकडे नाही.

आता लक्ष द्या, हा माझा लाडका भाग आहे. बंदुकीच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. मामांची गोळी 180 ग्रेनची होती. आणि इंग्रजांनी 1833 मध्ये जो तोळा ठरवून दिला, तो किती ग्रेनचा? बरोब्बर 180! म्हणजे काडतुसातून तोळाभर शिसं-तांबं निघालं. तोळ्याचे मासे बारा. सापडले सात. उरलेले पाच मासे त्या फऱ्यात भुगा होऊन राहिले. त्यातला थोडा आमच्या मावशीच्या दाढेखाली आला, पण ते पुराण आज नको.

मामा पुढे कायम म्हणायचे, रायफल लहान पडली, याहून मोठं काडतूस हवं होतं. त्या वाक्यावर माझा राग आहे, छप्पन्न वर्षांचा. आपल्याकडे सगळ्याचा उपाय मोठा आकार. औषध लागू पडत नाही, डोस वाढवा. मुलाला गणित येत नाही, आणखी एक क्लास. काडतूस म्हणजे दारूसकट अख्खी पुंगळी, गोळी म्हणजे तिच्यातून सुटतो तो तुकडा. मामांचं काडतूस लहान नव्हतं. गोळी मऊ होती आणि अंतर कमी होतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बघा, विषयाला आत्ता कुठे हात घालतोय.

तर भराभर. लोकांना वाटतं, जवळून मारलं की काम सोपं. नेमाचं सोपं, गोळीचं अवघड. थर्टी-नॉट-सिक्सची 180 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 820 मीटरनं सुटते. दोनशे मीटरवर तिचा वेग सातशेच्या आसपास येतो, चाळीस पावलांवर मात्र आठशेच्या घरात असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गानं जाते, म्हणजे जवळ ती सव्वापटीहून जास्त. साधी, मऊ शिशाची गोळी एवढ्या वेगानं हाडावर आदळली की फुलण्याऐवजी फुटते. मामांच्या बाबतीत तेच झालं. जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन माणसाची 1946 मध्ये मूस नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीत हीच गत झाली. त्यानं घरी जाऊन गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली, पुढचा भाग फुलेल, मागचा शाबूत राहील. 1948 पासून ती विकली गेली. मामांना कोणी सांगितलं नाही.

म्हणून जवळच्या अंतराला दोन वाटा. एक, हळू गोळी, आणि जनावर मोठं असेल तर जडही. 1895 चं थर्टी-थर्टी, 170 ग्रेन, सेकंदाला 670 मीटर. त्याची गोळी पुढून चपटी, कारण त्या रायफलीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असली तर टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या स्फोटक टोपीवर टेकणार, आणि धक्क्यानं नळकांड्यातच दिवाळी! अंगानं लहान हरणाला हे उत्तम, पण अडीचशे किलोच्या सांबराला मला ते तोकडं वाटतं. जर्मनांचं 1905 चं नऊ-पॉइंट-तीन बाय बासष्ट मात्र खास, गोळी 286 ग्रेन, दीड तोळ्याच्या वर. खांदा पोलादी हवा.

दुसरी वाट, नेहमीचंच काडतूस, पण गोळी पक्की. 1952 चं थ्री-नॉट-एट, तोळ्याचीच गोळी, पण शिसं तांब्याला चिकटवलेलं किंवा भिंत घातलेलं, किंवा अख्खं तांब्याचं. व्हिक्टोरियात सांबरासाठी कायद्यानं किमान 0.270 इंच व्यास आणि 130 ग्रेन लागतं, हे त्यापेक्षा बरंच वर आहे. भाच्याला मी हेच सांगितलं. धक्का झेपतो, म्हणून सराव होतो, आणि सराव झाला तर गोळी फऱ्याच्या हाडावर नाही, त्याच्या मागे फुप्फुसात बसते.

आणि झुडपातून जड गोळी सरळ जाते म्हणतात, ते विसरा. डहाळी लागली की जड-हलकी सगळ्याच वळतात. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं.

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. ती गोळी या कुंकवाच्या डबीत आहे. पहिल्या रांगेपासून फिरवा. सराफांकडे कोणी नेऊ नका, आता त्यांचा तोळा दहा ग्रॅमचा झालाय, हिशोब जमणार नाही.