आडवा आठ

(दृश्य : पहाट. पाण्यावर धुकं. बोटीच्या कडेशी पाण्यात खुपसलेलं मासेमारीच्या रॉडचं टोक.)

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला हा चिपेवा फ्लोएज. १९२०च्या दशकात धरण बांधलं आणि पंधरा हजार एकरांहून मोठा हा जलाशय तयार झाला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. दोन-तीन हात खाली काय आहे, ते वरून कळत नाही.

(दृश्य : आमिष बोटीकडे येतंय. मागे लांब सावली. गती मंद.)

आमिषामागची ती सावली मस्कीची आहे. मस्केलंज हे तिचं पूर्ण नाव, आणि १९५५पासून ती विस्कॉन्सिनचा राज्यमासा आहे. ती पाठलाग करत थेट बोटीपर्यंत येते आणि तिथे घुटमळते. अशा वेळी आमिष पाण्याबाहेर काढलं, तर पाठलाग तिथेच संपतो. म्हणून काढायचं नाही, बोटीच्या कडेलाच आठच्या आकारात वळवायचं.

(दृश्य : वरून, ड्रोनमधून. रॉडचं टोक पाण्यात आठ काढतंय.)

हा आठ इंग्रजी आकड्यातला, आडवा पाडलेला. आमिष दहा-पंधरा फुटांवर आलं की रॉडचं टोक पाण्यात घालायचं. लीडर, म्हणजे आमिषाजवळचा दातांनी न तुटणारा तुकडा, आणि टोक यांत दीड-दोन फूट दोर उरली की रीळ थांबवायचं, पण आमिष थांबू द्यायचं नाही. सगळी चूक इथेच होते. लीडरची कडी टोकाच्या रिंगेत जाईपर्यंत दोर गुंडाळली, तर रिंगेतलं सिरॅमिक फुटतं आणि आमिषाला हलायला जागाच उरत नाही.

आता वळसा. चार फुटांची मस्की अरुंद वळणावर वळू शकत नाही. छोटा आठ काढला की आमिष तिच्या तोंडासमोरून निसटतं आणि ती खाली निघून जाते. म्हणून रॉड साडेआठ-नऊ फुटी हवा आणि वळसा हात पुरेल तितका रुंद. सरळ भागात आमिष खोल न्यायचं, वळणावर थोडं वर आणायचं. मस्कीचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात, वर चढणारं आमिष तिच्या नजरेत राहतं.

(दृश्य : जबड्याच्या खालच्या बाजूचं निकटदृश्य.)

ही छिद्रं पाहा. खालच्या जबड्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना सहा ते नऊ. पाण्यातली हालचाल तिला यांतूनही कळते. पाणी गढूळ असो की रात्र असो, आमिष फिरत राहिलं तर ते तिला सापडतं. म्हणूनच मासा दिसला नाही तरी प्रत्येक फेकीनंतर दोन वळसे काढायचेच. मासा दिसला तर सात-आठ, आणि तो खाली गेला तरी आणखी काही. कित्येकदा तो बोटीखालीच असतो.

(दृश्य : हल्ला. पाणी उसळतं. पुन्हा, मंदगतीत.)

हात आपोआप रॉड वर खेचतो, आणि नेमकं तेच करायचं नाही. वर खेचलं की आमिष तोंडातून निसटतं आणि तीन काट्यांचे दोन-तीन गळ घेऊन थेट चेहऱ्याकडे येतं. चष्मा केवळ पाण्याची चमक घालवण्यासाठी नाही, यासाठीही लागतो. रॉड पाण्यालगत ठेवून, मासा ज्या दिशेला निघाला आहे त्याच्या उलट, आडवा झटका द्यायचा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

दोर ८० ते १०० पौंड ताण सोसणारी, विणलेली. ती ताणली जात नाही. बाहेर दोन फुटांचीच दोर असते, त्यामुळे सगळा हिसका रॉडवर आणि गळावर येतो. ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोर सुटायची ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळलेला असला तर गळ सरळ होतो, नाहीतर रॉडचं टोक तुटतं. अनुभवी माणसं वळसा घेतानाच रिळाचं दोर मोकळी करणारं बटण दाबून फिरकी अंगठ्याने घट्ट धरतात. झटका बसेपर्यंत अंगठा पक्का, मासा पळाला की हळूहळू सैल. अंगठा एकदम उचलला तर रिळात गुंता होतो. ही सवय नसेल, तर ड्रॅग आधीच थोडा ढिला ठेवलेला बरा.

गळ लागल्यावरही आठ चालूच ठेवायचा. टोक पाण्यातच. मासा त्याच वळशात फिरत राहिला की त्याला डोकं झाडायला फुरसत मिळत नाही. जोडीदाराने जाळं आधीच उघडून ठेवायचं आणि डोक्याकडून घ्यायचं. शेपटीकडून कधीच नाही.

(दृश्य : जाळ्यात, पाण्यातच मासा. लांब पक्कड, कातर.)

जाळं पाण्यातच राहू द्या. हा भाग घाईने करायचा नाही, आणि रेंगाळायचाही नाही. दहा-अकरा इंची पक्कड, गळ कापणारी बोल्ट-कटर आणि जबडा उघडा ठेवणारा चिमटा हाताशी हवा, पेटीच्या तळाशी नव्हे. गळ खोल असेल तर ओढू नका, कापा. गळ काही रुपयांत येतो. माप आणि फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करायची. वर उचलताना एक हात गलपटाच्या, म्हणजे कल्ल्यांवरच्या झाकणाच्या आत, लाल कल्ल्यांना न लावता, दुसरा पोटाखाली. मासा आडवा, उभा टांगायचा नाही.

पाणी २७ अंश सेल्सियसच्या वर गेलं की मस्कीची मासेमारी थांबवावी, दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

१९६६मध्ये मिनेसोटात मस्कीज इन्कॉर्पोरेटेड ही संघटना निघाली, तिने मासा परत सोडण्याची रीत रुजवली.

(दृश्य : शेपटीच्या मुळाशी धरलेला हात. मासा पाण्यात तोल सावरतो. निवेदन नाही. हात सुटेपर्यंत कट करू नये.)