वासोट्याला जाताना

वासोट्याला, म्हणजे कोयनेच्या जंगलातल्या त्या किल्ल्यावर, जाऊन आलेले किती जण आहेत, हात वर करा बघू. बरेच आहेत की. मग रस्ता तुम्हाला माहीतच आहे, शुक्रवारी रात्री दादर नाहीतर बोरिवलीहून बस, पहाटे सातारा, कास पठारावरून खाली बामणोली, तिथे फॉरेस्टचं परमिशन काढायचं आणि बोटीत बसायचं. शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, जायला तासाभराहून जास्त वेळ लागतो, आणि त्या तासात मोबाईलची रेंज गेलेली असते.

मला आज त्या बोटीतल्या तासाबद्दलच बोलायचंय, किल्ल्यावर नंतर येऊ.

आमच्या बोटवाल्याचे वडील सोबत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणाले, "हितं आमची भातखाचरं हुती." बस, एवढंच. मी पुढे काही विचारू शकलो नाही. कोयना धरणाचं पाणी 1960 च्या दशकात चढलं, खोऱ्यातली गावं उठली, कोणी ठाण्यात, कोणी रायगडला, कोणी पार सोलापूरकडे वसवले गेले. 1985 ला अभयारण्य झालं, 2010 ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि आत उरलेल्या वस्त्यांनाही हळूहळू बाहेर पडावं लागलं. आपण जिथे बोटीतून उतरतो ना, ते मेट इंदवली, तेही असंच उठलेलं गाव. जावळी-पाटणची कितीतरी माणसं त्याआधीपासूनच मुंबईत गिरणीत नाहीतर माथाडीत होती, या हॉलमध्येही त्यांच्या घरातले कोणी बसलेले असतील.

म्हणून तिथली शांतता मला फुकटची वाटत नाही हो.

आता जंगल. ओढा ओलांडला की वरून ऊन जवळजवळ येतच नाही, एवढी दाट झाडी, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि वर चढत गेलात की कारवी. कारवी सात वर्षांनी फुलते. शेकरू बघायचं असेल तर ग्रुपमध्ये गप्पा मारत जाऊन दिसणारच नाही, मी वीस मिनिटं एका दगडावर गप्प बसलो तेव्हा वरच्या फांदीवर हललं, आधी नुसती झुबकेदार शेपटी दिसली आणि मग ते अख्खं तांबूस अंग. गव्याच्या खुरांचे ठसे तर ओढ्याकाठच्या चिखलात हमखास असतात. त्या दिवशी खालून एका ग्रुपचा स्पीकर वाजत वर आला आणि पाच मिनिटांत सगळं गप्प झालं, पक्षीसुद्धा. मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

गडावर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, आणि बाबूकडा. कड्यावरून खाली कोकण दिसतं, समोर जुना वासोटा. पुढे नागेश्वरची गुहा, शिवरात्रीला घाटावरची आणि कोकणातली, दोन्हीकडची माणसं तिथे येतात, ती वाट आपल्या ट्रेकिंगच्या कितीतरी आधीची आहे.

मुक्कामाला परवानगी नाही यावर चिडणारे भेटतात. चिडू नका प्लीज. संध्याकाळनंतर ती वाट गव्यांची, अस्वलांची, बिबट्याची असते, आणि एवढ्या लोकांनी घरं सोडल्यावर आपण एक रात्र सोडू शकतोच.

तर जा, नक्की जा, पावसाळा सोडून. प्लास्टिक आणि स्पीकर घरी ठेवा. आणि बोटीत कोणी म्हातारं माणूस असेल तर विचारा, बाबा, तुमचं गाव कुठलं?