एकच तार, दोन वाटा

मॅसॅच्युसेट्समधलं मेनार्ड. इथल्या जुन्या लोकर गिरणीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं, म्हणजे ‘डेक’चं, मुख्यालय होतं. डेकच्या वॅक्स संगणकांशी टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, बोलायची ती ‘लॅट’ या प्रोटोकॉलमधून, म्हणजे ठरलेल्या संवादनियमांतून. दाबलेल्या कळा टर्मिनल सर्व्हर, म्हणजे टर्मिनलं जोडणारं यंत्र, गोळा करी आणि दर ८० मिलिसेकंदांनी एकत्र पाठवून देई.

लॅट घडवलं ते स्थानिक नेटवर्कपुरतं. त्याच्या पाकिटावर नेटवर्कचा पत्ताच नसतो. असतो तो फक्त इथरनेट कार्डाचा, म्हणजे संगणकाला स्थानिक तारेशी जोडणाऱ्या कार्डाचा. गल्लीतल्या पोस्टमनला नुसत्या नावावरून घर सापडतं, पण गाव नाही, पिनकोड नाही, असं पत्र परगावी कसं जाणार? राउटरची, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाकिटं पाठवणाऱ्या यंत्राची, अडचण नेमकी हीच.

पुढे त्याच तारेवर आयपीही (इंटरनेटचा प्रोटोकॉल) धावू लागलं. आयपीला राउटिंग हवं, म्हणजे पत्ता वाचून वाट शोधणं; लॅटला ब्रिजिंग, म्हणजे पाकीट आहे तसं पलीकडे सोडणं. आणि मध्ये राउटर एकच.

सिस्को कंपनीच्या राउटरवर इंटरफेसला, म्हणजे तार जोडायच्या तोंडाला, आयपी पत्ता द्यायचा आणि त्याच इंटरफेसवर ‘ब्रिज-ग्रुप १’ लिहायचं. मग राउटर प्रत्येक फ्रेममधले, म्हणजे इथरनेटच्या पाकिटातले, प्रकार सांगणारे दोन बाइट बघतो. तिथे ०८०० असेल तर ते आयपी. त्याचा मार्ग शोधायचा. ६००४ असेल तर लॅट. आतलं काही न वाचता फ्रेम आहे तशी पलीकडे सोडायची.

आणखी एक ओळ लागते: ‘ब्रिज १ प्रोटोकॉल आयईईई’ (आयईईई म्हणजे मानकं ठरवणारी संस्था). मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. आयपीच्या पाकिटात एक आकडा असतो. प्रत्येक राउटरगणिक तो एकाने घटतो, आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमला असं मोजून दिलेलं आयुष्य नाही. तारांचं वर्तुळ झालं, की ती फिरतच राहते. यावर उपाय शोधला डेकमध्येच काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी, १९८५ मध्ये. त्याचं नाव स्पॅनिंग ट्री: जास्तीची वाट बंद ठेवायची. वरची ओळ तोच उपाय चालू करते. डेकची मूळ आवृत्ती आणि आयईईईची आवृत्ती एकमेकींना ओळखत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना एकच लिहावी लागते.

आता दोन इमारतींमध्ये दोन लाइनी टाका. आयपी दोन्हींवरून धावतं. लॅटला एकच खुली. दुसरी त्याच्यापुरती बंद. पहिली तुटली, तर दुसरी उघडायला ३० ते ५० सेकंद जातात. लॅटला तेवढा धीर नसतो. कर्सर जागच्या जागी थबकतो, सेशन तुटतं, आणि टर्मिनलपुढच्या माणसाला पुन्हा लॉग-इन करावं लागतं.