मित्राचं हसू

श्रोतेहो, नमस्कार. ‘पोरगा संगतीनं बिघडला’ हे आपल्याकडे पणजीसुद्धा सांगायची. पण संगत नेमकं करते काय? हे टॉम डिशन या मानसशास्त्रज्ञानं अगदी जवळून पाहिलं.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात यूजीन नावाचं गाव आहे. तिथल्या एका अभ्यासात २०६ मुलगे होते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याचा मित्र यांना एका खोलीत बसवायचं. समोर कॅमेरा. एखादा बेत आखा, घरच्यांशी वाजलं तर काय कराल ते बोला, असं सांगायचं. पंचवीस मिनिटं. मग टेप लावून एकेक वाक्य तपासायचं. एकानं साधं काही म्हटलं, दुसरा गप्प. तोच ‘मास्तरांना कसं गंडवलं’ म्हणाला, की दुसरा खो खो हसतो. मग पहिला अजून रंगवून सांगतो. ना कुणी आग्रह केला, ना कुणी सिगारेट पुढे केली. नुसतं हसू! ज्यांच्या गप्पांत असं हसू जास्त, ते तोवर कशालाही न शिवलेले मुलगे पंधरा-सोळापर्यंत सिगारेट, दारू, गांजाकडे वळण्याची शक्यता जास्त निघाली.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. अडचणीतल्या मुलांना एकत्र बसवणारे सुधारणा-गट डिशन यांच्या चमूनंही चालवले होते. वर्षानं पाहिलं तर त्या मुलांचं धूम्रपान वाढलेलं! हे त्यांनी झाकलं नाही. १९९९ साली जोन मॅकॉर्ड आणि फ्रान्स्वा पूलँ या संशोधकांसोबत छापलं. मॅकॉर्डबाईंकडे तर १९३९ साली बोस्टनजवळ सुरू झालेल्या उपक्रमाचा दाखला होता: ५०६ मुलगे, निम्म्यांना समुपदेशन, काहींना उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी पाहिलं तर मदत मिळालेलेच मागे पडलेले.

डिशन मग आईबापांकडे वळले. तीन भेटींचा ‘फॅमिली चेकअप’. घरच्यांच्या आपसातल्या बोलण्याचंही चित्रण करायचं, आणि शेवटच्या भेटीत जमतंय काय, ते आधी दाखवायचं. २०१८ मध्ये ते गेले, तोवर हेच काम चालू होतं.

मी समुपदेशक. ‘वाया चाललेल्या पोरांचं एक शिबिर घ्या’ असा फोन मला दर एप्रिलमध्ये येतो. यंदाही आला. म्हटलं, ‘पोरं राहू देत, आईवडील येतील का?’ पलीकडं बराच वेळ नुसती शांतता.