एकाच गोळीची दोन नावं

(दृश्य: मालेगाव, रात्र. यंत्रमागांचा खडखडाट.)

इथे नशेच्या एका गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात. हे नाव का पडलं, याची प्रत्येकाची कहाणी वेगळी. साठा पकडला गेला की पेपरात फोटो येतो. टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडलेली, मागे तोंडाला फडकी बांधलेली पोरं. बाई त्या फोटोत क्वचितच दिसते.

(दृश्य: स्वयंपाकघर. शिवणाचा डबा.)

बाई इथे आहे. डब्यात दोऱ्याच्या रिळांखाली स्ट्रिपचा कापलेला तुकडा आहे, चार गोळ्यांचा. औषधाचं नाव छापलेला भाग दुकानातच राहिला. घरात हिला नुसतं 'झोपेची गोळी' म्हणतात, काउंटरवर 'पॉइंट फाइव्ह', म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची. औषध मात्र मालेगावातल्या 'कुत्ता गोळी'चंच: अल्प्राझोलाम, चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं.

एकीकडे ती नशा ठरते, दुसरीकडे उपचार. शरीराला हा फरक कळत नाही.

(दृश्य: बारचा दरवाजा, मग दवाखान्यातला बाक.)

एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, बायका १.६ टक्के. झोप उडालेला पुरुष बाटली जवळ करतो आणि बाई डॉक्टरांकडे जाते, असं सरसकट म्हणणं धाडसाचं आहे. पण दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसून बघा. अमेरिकेत या जातीच्या गोळ्या बायकांना पुरुषांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात लिहून दिल्या जातात, असं तिथले अभ्यास सांगतात.

एम्सच्या त्याच पाहणीत गुंगीच्या औषधांचा गैरवापर करणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक निघाले. संख्येने पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. पण ही मोजणी चिठ्ठीबाहेरच्या वापराची. चिठ्ठी घेऊन दहा वर्षं रोज एक गोळी घेणारी बाई यात येतच नाही. ती पेशंट आहे ना!

(दृश्य: रात्रीचे दोन. पंख्याकडे लागलेले डोळे.)

सवय लागते ती अशी. गोळी सुरू होते नवरा गेल्यावर, नाहीतर पाळी जायच्या वयात, अंगातून वाफा येऊन झोप मोडायला लागते तेव्हा. द्यायची असते दोन-चार आठवडे. तेवढ्यात मेंदूला तिची सवय होते. मग एखाद्या रात्री गोळी संपते. छाती धडधडते, हात थरथरतात, डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी बाई म्हणते, 'बघा, माझा आजार अजून आहेच.' खरं तर तो आजार नसतो, गोळी तुटल्याचा त्रास असतो. पुन्हा गोळी घेतली की बरं वाटतं, आणि तिची खात्री पक्की होते. घरच्यांचीही. ती ओरडत नाही, पडत नाही, पैसे चोरत नाही. कुणाचं काय बिघडलंय?

शरीरांतही फरक आहे. झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरते. तिथल्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस निम्म्यावर आणला, १० मिलिग्रॅमवरून ५. मधली वीस वर्षं दोघांना एकच माप.

(दृश्य: औषधाचं दुकान. कात्री.)

आपल्याकडे अल्प्राझोलाम 'एच-वन' यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत. मार्च २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ओळखीच्या काकूंना चार गोळ्या कापून देताना वही किती वेळा उघडली जाते, हे कात्रीलाच ठाऊक.

(दृश्य: पुणे. झाडी, एक फाटक.)

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग पुष्कळ वर्षांनी आला. बाईने महिनाभर घर सोडायचं म्हणजे डबे कोण करणार, इथूनच प्रश्न सुरू होतो.

आणि गोळी एकदम तोडायची नसते. फार दिवस घेतलेली गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. पाऊण, मग अर्धी, मग पाव. आठवडे जातात, कधी महिने.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, जवळून.)

एका चौकोनात दुधाचा हिशेब: दीड लिटर. त्याच्याच खाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात: अर्धी.